‘मी नोकरी सोडली तर तिच्यावर भार पडेल’

परदेशात दोघंही नोकरी करणारी तरुण जोडपी मला एक प्रश्न हमखास विचारतात: आपल्यापैकी एकाला थांबावंसं वाटलं, तर तो स्वार्थ ठरतो का?

शारजातलं एक जोडपं हाच प्रश्न घेऊन आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोघंही शिक्षक, तिशीच्या आतले, वेगवेगळ्या शाळांत. पुढच्या वर्षी राहणार की नाही, हे शाळेला कळवायची मुदत जवळ आली होती. तिला विभागप्रमुखपद मिळत होतं. त्याला वर्ग नकोसा झाला होता. गणिताचे पाठ तयार करायला त्याला आवडायचं, पण रोज मुलांसमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. बायकोला हे त्याने अर्धवटच सांगितलं होतं.

व्हिडिओ कॉलवर मी त्याला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” तो म्हणाला, “तिला बढती मिळतेय, आता सोडून कसं चालेल?” तिला विचारलं, तर म्हणाली, “त्याला परत जायचं असेल तर मी पद नाकारते.” स्वतःबद्दल कोणीच बोलेना. न मागता केलेला असा त्याग पुढे कधीतरी भांडणात वसूल होतो. म्हणून मी दोघांशी वेगवेगळं बोलले.

एकटा असताना तो मोकळा झाला. स्टाफरूममधले जुने सहकारी सांगायचे, पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते. त्याचं चौथं वर्ष चालू होतं. अमिरातीच्या जुन्या कायद्यात राजीनामा देणाऱ्याचं खरंच नुकसान व्हायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये लागू झालेल्या कायद्यात मात्र एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचं मूळ वेतन मिळतं, राजीनामा दिला तरीही. व्हिसाच्या भीतीचंही तसंच: त्याने नोकरी सोडली तरी, अटींत बसत असेल तर पत्नी पतीला स्पॉन्सर करू शकते, म्हणजे त्याचा व्हिसा आपल्या नावावर काढू शकते. दोन्ही गोष्टी शाळेच्या एचआरकडून आणि व्हिसा कार्यालयातून नीट विचारून घ्या, असं मी सुचवलं. ज्या भीतीला कागदावर उत्तर आहे, तिच्यावर भावनांची चर्चा करत बसणं मला पटत नाही.

पुढच्या भेटीत त्याने तिला सगळं सांगितलं. पैशाचा विषय ती काढेल असं त्याला वाटत होतं. तिने विचारलं, “वर्षभर रोज सकाळी माझ्यासोबत डबा भरत होतास, तेव्हा का नाही बोललास?” त्या भेटीचा बहुतेक वेळ याच प्रश्नात गेला आणि तो तिथेच जायला हवा होता. तिनेही कबूल केलं, की तिला ते पद मनापासून हवं होतं, फक्त तसं म्हणायची लाज वाटत होती.

तिने होकार कळवला. त्याने शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत शिकवून मग थांबायचं ठरवलं, कारण परीक्षेच्या तोंडावर मुलांना सोडणं दोघांनाही मान्य नव्हतं. त्यानंतर वर्षभर तिच्या पगारात घर चालवायचं, त्याने अभ्याससाहित्य तयार करण्याचं काम शोधायचं आणि हिवाळी सुट्टीत पुन्हा हिशेब मांडायचा.

त्याच्या वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही. तिने सांगावं, असं त्याला वाटतं. हा फोन त्यानेच करावा, असं मी म्हटलं आहे.