सोन्याच्या नाण्याची ग्रेड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांनी जपून ठेवलेली पंचम जॉर्जच्या काळातील काही सॉव्हरिन नाणी (आमच्या घरात त्यांना गिनीच म्हणतात) माझ्याकडे आली आहेत. त्यांतील 1918 च्या एका नाण्याची ग्रेड एका विक्रेत्याने ‘एक्स्ट्रीमली फाइन’ सांगितली, तर दुसऱ्याने ‘व्हेरी फाइन’. मला तर सगळीच नाणी सारखी चकचकीत दिसतात. ग्रेड स्वतः ओळखायला कसे शिकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्यांदा चकाकीवरून मत बनवण्याची सवय सोडावी लागेल. सोने गंजत नाही, त्यामुळे बरेच झिजलेले नाणेही पुसल्यावर चकचकीत दिसते. ग्रेड म्हणजे नाणे किती चांगल्या स्थितीत राहिले आहे याची प्रतवारी; ती पाहताना, टांकसाळीतल्या ठशाखालून बाहेर पडल्यानंतर नाण्याचे काय काय झाले याचा शोध घ्यायचा असतो. वापराने झालेली झीज, दुसऱ्या नाण्यांवर आपटून पडलेल्या खुणा आणि माणसाने मुद्दाम केलेली छेडछाड या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येऊ लागल्या की निम्म्याहून अधिक काम झाले असे समजावे.

वजनाचा येथे फारसा उपयोग होत नाही. 22 कॅरेटचे नवे सॉव्हरिन 7.988 ग्रॅम भरते आणि ब्रिटनमध्ये ते कायदेशीर चलन राहण्यासाठी किमान 7.938 ग्रॅम भरावे लागे; म्हणजे चलनातून बाद ठरेपर्यंत त्यातून जेमतेम 0.05 ग्रॅम सोने गेलेले असे. काट्याने बनावट किंवा कानशीने घासलेले नाणे पकडता येते, पण ग्रेड डोळ्यांनीच ठरवावी लागते.

पाहण्याची पद्धत साधी आहे. खोलीतील ट्यूबलाइट बंद करून टेबलावरचा एकच दिवा लावावा, खाली मऊ कापड अंथरावे, नाणे फक्त कडेने धरावे आणि दिव्याखाली सावकाश कलते करत फिरवावे. सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी आणि मग पाचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. दहापट भिंगातून प्रत्येक बारीक रेघ मोठ्या जखमेसारखी दिसते आणि नवशिक्या माणूस चांगल्या नाण्यालाही कमी लेखतो, असा माझा अनुभव आहे.

न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा सलग फिरताना दिसतो. ठशाच्या दाबाने धातू पसरताना पृष्ठभागावर ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांच्यामुळे ही झळाळी येते. झीज सुरू झाली की सर्वांत उंच जागी हा पट्टा तुटतो आणि तेथील सोन्याचा रंग आजूबाजूच्या मानाने किंचित मंद, मेणचट दिसतो. आपल्या नाण्याच्या दर्शनी बाजूला राजाच्या कानावरचे केस, भुवई, मिशी आणि दाढी या जागा पाहाव्यात. मागील बाजूला नक्षीकार पिस्त्रुची यांनी रेखाटलेला, ड्रॅगनशी लढणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज आहे. तेथे शिरस्त्राणाचा माथा, स्वाराची छाती व मांडी आणि घोड्याचा खांदा या जागा प्रथम झिजतात. केसांच्या बटा सुट्या दिसत असतील, झळाळी खोलगट भागांत टिकून असेल आणि केवळ उंचवट्यांवरच किंचित मंदपणा असेल, तर ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणणे रास्त आहे. बटा एकमेकींत मिसळल्या असतील आणि स्वाराच्या मांडीवरील उठाव सपाट झाला असेल, तर नाणे ‘व्हेरी फाइन’मध्ये जाते.

मात्र एक सावधगिरी हवी. ठसा नीट न बसल्यामुळेही केसांचा भाग सपाट दिसू शकतो, आणि अशा नाण्याला झिजलेले ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होतो. ठसा कमी बसला असेल तर त्या सपाट जागेवरही झळाळी असते. झीज असेल तर ती गेलेली असते. दोन विक्रेत्यांत मतभेद झाला त्याचे कारण बहुधा येथेच सापडेल.

आता खुणांविषयी. ही नाणी बँकांच्या पिशव्यांतून एकमेकांवर आपटत फिरली, त्यामुळे कधीही चलनात न आलेल्या नाण्याच्याही सपाट भागावर व राजाच्या गालावर बारीक खड्डे असतात. ग्रेड अंकांत सांगण्याची 1 ते 70 ही पट्टी अमेरिकन संग्राहक विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली आणि पुढे ती सर्वच नाण्यांना लावली गेली. तिच्यात 60 ते 70 हे अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत आणि त्यांमधला फरक मुख्यतः या खुणांवर, झळाळीवर आणि ठशाच्या उठावावर ठरतो. त्यामुळे किंचित वापरलेले 58 अंकाचे नाणे खुणांनी भरलेल्या 61 च्या नाण्यापेक्षा देखणे असू शकते. अशा वेळी मी तरी 58 चे नाणे निवडावे असेच सांगेन.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची आहे, कारण महाराष्ट्रात अशी नाणी माळेत ओवली जात किंवा त्यांना कडी झाळली जाई. भिंग घेऊन संपूर्ण कड फिरवून पाहावी. दातेरी रेघा एखाद्या ठिकाणी पुसट झाल्या असतील, तेथे सोन्याचा रंग निराळा दिसत असेल किंवा धातू थोडा वितळल्यासारखा गुळगुळीत असेल, तर तेथे कडी होती. सराफाने कसोटीवर कस लावताना कडेला पडलेला सपाट चट्टाही असाच दिसतो, फक्त तो लहान असतो आणि त्यात समांतर ओरखडे असतात. अशा नाण्याला केस कितीही स्पष्ट असले तरी ग्रेडचा अंक देत नाहीत. ‘दागिन्यातून काढलेले’ एवढाच शेरा मिळतो.

शिकण्यासाठी एकच प्रकार धरून बसावे. लिलावांच्या सूचीतील पंचम जॉर्ज सॉव्हरिनची मोठी छायाचित्रे घ्यावीत, छापलेली ग्रेड झाकावी, स्वतःची ग्रेड कारणासह वहीत लिहावी आणि मगच झाकलेली ग्रेड पाहावी. छायाचित्रात झळाळी फसवी दिसते, म्हणून शक्य होईल तेव्हा नाणे प्रदर्शनात प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावे.

आपल्या 1918 च्या नाण्यावर सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे का तेही पाहावे. असल्यास ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहे. त्या वर्षी तेथे सुमारे 13 लाख सॉव्हरिन पाडली गेली, म्हणून ते दुर्मीळ नाही आणि ‘व्हेरी फाइन’ की ‘एक्स्ट्रीमली फाइन’ यावरून त्याच्या किमतीत फार मोठा फरक पडण्याचे कारण नाही.

प्रश्न : नाणे अमेरिकेतील ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून घ्यावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाणे 100 वर्षांहून जुने असेल तर भारतातून पाठवू नये. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार 100 वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 1918 चे नाणे आता त्या मर्यादेत येते. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तेथेच विकत घेतलेल्या नाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांची नाणी येथे आहेत त्यांनी जाणकार संग्राहकांचे मत घ्यावे, आणि विकताना ग्रेडच्या अंकाऐवजी दोन्ही बाजूंची व कडेची स्वच्छ छायाचित्रे द्यावीत.

प्रश्न : नाण्यावर तांबूस ठिपके आले आहेत. दागिन्यांसारखे रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घासू नये. 22 कॅरेट सोन्यात बाकीचा धातू बहुतेक तांबेच असते. ते नीट मिसळले गेले नसेल तेथे असे ठिपके उठतात. त्यांच्यामुळे ग्रेडला फारसा धक्का बसत नाही. ब्रशमुळे मात्र सपाट भागावर एकाच दिशेने केसासारख्या रेघा उमटतात, त्या नाणे कलते करताच दिसतात आणि कायमच्या राहतात. धूळच बसली असेल तर नाणे शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवावे, न पुसता आपोआप वाळू द्यावे, आणि हे काम खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास विस्तव नसताना करावे.