नाचून झाल्यावर ती आधी कुठे बघते?

जून आला की मला शाळांमधून फोन यायला लागतात, पालकांशी बोला म्हणून. गेली काही वर्षं मी डोंबिवलीतल्या एका शाळेत समुपदेशक म्हणून जाते, तिथे नाच आता गॅदरिंगपुरता राहिलेला नाहीये, वेळापत्रकात आलाय, आठवड्याला दोन तास, आणि प्रगतिपुस्तकात त्याची ग्रेड पण येते. पालकसभेत नाचाच्या तासाबद्दल सांगितलं की सगळे खूश असतात आणि ग्रेडचं नाव काढलं की हॉलमध्ये कुजबुज सुरू होते. "मॅडम, नाच शिकवा, आमची काहीच हरकत नाही, पण मार्क कशाला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कोणत्या चेहऱ्यावरून येणार ते आधीच ओळखू येतं. कुणाची मुलगी लाजाळू असते, कुणाचा मुलगा अंगाने जाड असतो आणि सगळ्यांसमोर हसं होईल याची धास्ती असते, कुणाला टक्केवारी खाली येईल असं वाटतं, आणि काही बाबांना (कमी झालेत पण अजून आहेत) मुलाने नाचायचं हेच पटलेलं नसतं.

मागच्या वर्षी एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही भोंडल्यात नाचलो, मंगळागौरीत फुगड्या घातल्या, आम्हाला कोणी मार्क दिले होते का?" टाळ्या पडल्या. मी टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि विचारलं, "आजी, फेर तुटला तर कसं कळायचं हो?" त्या पटकन म्हणाल्या, "कळतंच की. हाताला ओढ बसते." या उत्तरासाठी मी त्या आजींची कायमची ऋणी आहे, कारण शर्वरीच्या आईला जे मला चार भेटींत सांगावं लागलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

शर्वरी (नाव आणि काही तपशील बदललेत, दोघींना विचारूनच लिहितेय) तेव्हा सातवीत होती. सहा वर्षांची असल्यापासून कथक शिकतेय, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा तीन परीक्षा झालेल्या, मध्यमाची तयारी चालू. आणि शाळेच्या नाचात तिला ब मिळाला! आई प्रगतिपुस्तक घेऊनच आली होती, बसायच्या आधीच टेबलावर ठेवलं.

"मॅडम, जिने आयुष्यात घुंगरू बांधले नाहीत त्या मुलीला अ आणि हिला ब? हिच्या कथकच्या ताईंना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी विचारलं, "शर्वरी काय म्हणते?"

"ती काही बोलतच नाही. तीन आठवडे झाले क्लासला जात नाहीये. पोटात दुखतं म्हणते."

त्या पोटदुखीसाठी डॉक्टर झाले होते, पोटात काही नव्हतं. म्हणून माझ्याकडे.

आधी त्या ब बद्दल सांगते, कारण बऱ्याच पालकांना हेच माहीत नसतं की ही ग्रेड येते कुठून. या शाळेत नाचाचे चार रकाने आहेत. शोध, म्हणजे विषय घेऊन मूल काय काय बघतं, कुणाला विचारतं. सराव, म्हणजे शिकवलेलं किती मनावर घेऊन करतं. मग निर्मिती-सादरीकरण, आणि चौथा, मुलाने स्वतःच्या नाचाबद्दल स्वतः लिहिलेलं. त्या सहामाहीत विषय होता रेल्वेचा प्लॅटफॉर्म. पाच-पाच मुलांच्या गटाने सकाळी आठच्या डोंबिवली स्टेशनवर माणसं कशी हलतात ते बघायचं आणि त्यातून दोन मिनिटांचा नाच बसवायचा. शर्वरीने क्लासमध्ये शिकलेली एक तिहाई (तोच तुकडा तीनदा करून तालात संपवायचा) उचलून गटाला दिली, सगळ्यांकडून घोटून घेतली, आणि झालं. सफाईला अ होता, आणि तो तिने कमावलेला होता. पण स्टेशन नाचात कुठेच नव्हतं, आणि चौथा रकाना कोरा. "मला माझ्या नाचात काय बदलावंसं वाटतं" या प्रश्नाखाली एक अक्षर नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी नाहीतर गैरसमज होईल. गांधर्वच्या परीक्षा कमी आणि शाळेचं मूल्यमापन भारी असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिथे परीक्षक समोर बसतात, तत्कार म्हणजे तालावरचं पायांचं काम बघतात, पढंत म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल ऐकतात, ताल हातावर धरायला लावतात, त्या शिस्तीला पर्याय नाही आणि दहावीला त्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हेही आईच्या डोक्यात असणं साहजिक आहे. पण दोन्हीकडे विचारलेला प्रश्न वेगळा आहे. तिथे विचारतात, शिकवलेलं आलं का. शाळेत विचारतात, तुला काय दिसलं, तू त्याचं काय केलंस, आणि तुझं तुला काय वाटतं. शर्वरीकडे पहिल्याचं उत्तर तयार होतं, शेवटच्याचं नव्हतं, कारण तो तिला कोणी कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या भेटीला शर्वरी एकटी होती. पंधरा मिनिटं हो-नाही-माहीत नाही. मग मी ग्रेड, शाळा, क्लास सगळं सोडून दिलं आणि विचारलं, "नाचून झालं की तू सगळ्यात आधी कुठे बघतेस?"

तिने क्षणभर विचार केला. "आईच्या मोबाईलकडे."

"मोबाईलकडे?"

"आई शूट करत असते ना. तिचा चेहरा मागे असतो. मग मोबाईल खाली येतो, आई हसत असली की छान झालं."

"आणि हसत नसली तर?"

"तर काहीतरी चुकलं." थोडं थांबून म्हणाली, "पण काय ते घरी जाऊन व्हिडिओ बघितल्यावर आई सांगते."

मी ते वहीत लिहून घेतलं, अगदी तिच्या शब्दांत. बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षं रोज पाय आपटतेय, सोळा मात्रांमध्ये सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल, आणि स्वतःचा नाच कसा झाला हे कळायला तिला मोबाईल खाली यायची वाट बघावी लागते. शाळेत मोबाईल नव्हता, आई नव्हती, समोर कोरा रकाना होता. पोट दुखणारच!

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं बोट धरून मी हे काम शिकले आणि इतक्या वर्षांनीही मला त्याच्याइतकं मुलांच्या जवळचं कोणी वाटत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, मूल मोठं होताना दुसऱ्यांच्या पसंतीचं माप हळूहळू आत घेतं आणि मग ते आपलंच माप आहे असं समजून चालतं. यात आईबापांचा दुष्टपणा नसतो, उलट कौतुकच असतं. शर्वरीच्या आईने मुलीला कधी रागावलं नव्हतं, सगळ्या क्लासला स्वतः सोडायला जायची, बाहेर बसून डबा घेऊन थांबायची. प्रेम भरपूर होतं. फक्त नाच कसा झाला हे ठरवायची जागा मुलीच्या आत तयार व्हायच्या आधीच बाहेर तयार झाली होती.

हे मी आईला नुसतं सांगितलं असतं तर तिला आरोप वाटला असता. म्हणून तिसऱ्या भेटीत दोघींना बोलावलं, चपला काढायला लावल्या आणि शर्वरीला म्हटलं, "आईला तत्कार शिकव."

आई संकोचली. मग ओढणी खोचून उभी राहिली. शर्वरी बोल म्हणत होती, ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पहिल्या चार मात्रा उजवा-डावा-उजवा-डावा अशा जातात, आणि पाचवी पुन्हा डाव्यानेच सुरू होते. चौथी पण डाव्याची आणि पाचवी पण डाव्याची. नवशिक्या माणसाचा पाय तिथेच फसतो कारण शरीराला वाटतं आता उजव्याची पाळी. आईचा पहिल्यांदा फसला, दुसऱ्यांदा फसला, तिसऱ्यांदा तिने ओठ दाबून धरले, आठ मात्रा पूर्ण केल्या आणि पाय थांबल्या थांबल्या मान वर करून शर्वरीकडे बघितलं.

मी काहीच बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही, कारण शर्वरीच्या ते लक्षात आलं होतं. ती हसत सुटली. "आई, तू पण बघितलंस!"

"काय बघितलं?"

"माझ्याकडे. बरोबर आलं का म्हणून."

आई खाली बसली. खोलीत पंखा तेवढा चालू होता. मग तिने मला नाही, मुलीला विचारलं, "तुला रोज असं होतं?" शर्वरीने मान हलवली. आईचे डोळे भरून आले आणि मला तिथे पाणी पुढे करण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. समुपदेशकाच्या आयुष्यात असे दिवस मोजके येतात, मी तो तारखेसकट जपून ठेवलाय.

थोड्या वेळाने मी एवढंच विचारलं, "तिसऱ्या वेळी बरोबर आलं हे तुम्हाला शर्वरीकडे बघायच्या आधी कळलं होतं का?"

आई म्हणाली, "हो, कळलं होतं. पायाला कळलं."

म्हणजे आजींची ती हाताला बसणारी ओढच. फेर तुटला हे फेरातल्या बाईला कळतं, बाहेर परीक्षक लागत नाही. फुगडीत पकड सैल झालेली हाताला कळते. तेव्हा मूल्यमापन नव्हतं असं नाहीये, ते नाचणाऱ्याच्या आत होतं, आणि शाळेतला तो चौथा रकाना हीच जागा पुन्हा मुलांच्या ताब्यात द्यायची धडपड करतोय. हे काही त्या शाळेचं खूळ नाही. महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातलं आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर मूल कसं घडतंय त्याच्या नोंदी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तर सरळ सांगतं की प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या जोडीने मुलाचं स्वतःचं आणि वर्गमित्रांचं मत पण असावं, आणि कलांना अभ्यासाबाहेरचं म्हणून बाजूला टाकू नये. कागदावर हे सगळं छान आहे, पण घरी आपण तीच ग्रेड हातात घेऊन "किती जणांना अ मिळाला?" विचारलं की तो रकाना पुढच्या वेळी कोरा येतो.

मग घरी काय करायचं? शर्वरीच्या आईला जे सांगितलं तेच सांगते. नाच संपल्यावर लगेच "छान झालं" पण म्हणू नका आणि "तिसऱ्या ओळीत चुकलीस" पण म्हणू नका. आधी पाणी द्या. मग विचारा, "तुला कुठे मजा आली?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा, पहिले काही दिवस "माहीत नाही" येईल, येऊ दे, तुम्ही स्वतःचं उत्तर पुढे करू नका. शूटिंग करायचं असेल तर पाच कार्यक्रमांतला एक करा आणि बाकीचे चार डोळ्यांनी बघा, तुमचा चेहरा मुलाला दिसू दे. व्हिडिओ बघायचा झाला तर रिमोट मुलाच्या हातात द्या, कुठे थांबवायचं ते त्याला ठरवू दे.

लाजाळू मुलांच्या आईबाबांना वेगळं सांगायचंय. ज्या मुलाला स्टेजवर जायला जमत नाही त्याच्यासाठी हे चार रकाने खरं तर मोठा आधार आहेत, कारण त्यातला स्टेजचा भाग फक्त एक. निरीक्षण भन्नाट करणारी, वहीत सुंदर लिहिणारी, गटाला मात्रा मोजून देणारी मुलं मी बघितलीयेत, जुन्या पद्धतीत ती गॅदरिंगला पडदा ओढायला असायची. शाळेत जाऊन शिक्षकांना विचारा, कुठल्या रकान्यात काय आलं? नुसती एकूण ग्रेड घेऊन घरी येऊ नका. आणि मुलाच्या अंगाबद्दल घरात कोणी, अगदी लाडाने सुद्धा, "आमचा भोपळा नाचला" वगैरे म्हणत असेल तर ते आजच्या आज बंद करा, याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. ज्या शाळेत नाचाच्या ग्रेडमध्ये मुलाचं दिसणं, वजन, कपडे मोजले जातात तिथे पालकांनी लेखी तक्रार करायलाच हवी.

मुलग्यांच्या बाबांना मी लेझीम आठवायला सांगते. शाळेच्या मैदानात पवित्रा घेऊन वाकला होतात तेव्हा तो नाचच होता ना? बहुतेकांना एवढं पुरतं.

शर्वरी पाचव्या आठवड्यात क्लासला परत गेली. तिच्या ताईंना आईने सगळं सांगितलं आणि त्या चिडल्या नाहीत, उलट दर शनिवारी सगळ्या मुलींकडून दोन ओळी लिहून घ्यायला लागल्या. दुसऱ्या सहामाहीत शाळेत चौथ्या रकान्यात शर्वरीने लिहिलं होतं, "चकरा घेताना चौथ्यानंतर माझी नजर सुटते म्हणून तोल जातो. पाय बरोबर आहेत. मान उशिरा येते. मला ते आरशाशिवाय कळलं." ग्रेड काय आली ते आईने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

यंदाची पालकसभा जूनच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी नऊला आहे. नव्या पालकांनी जरूर या, आजी-आजोबांना आणा. पहिला अर्धा तास खुर्च्या नसतील, तुम्हाला मुलांच्या नाचाच्या तासाला जे करतात तेच करायचंय, नंतर चार रकान्यांचा कागद देऊ आणि तुमचा चौथा रकाना तुम्हीच भरायचा. सैल कपडे घाला, पाण्याची बाटली आणा, आणि मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचाय हे आत्ताच सांगून ठेवते.