आधी स्टेशन ठरवा, मग हॉटेल

पहिलीच खेप, अनोळखी मोठं शहर, चार दिवस, सोबत सत्तरीचे आईबाबा. आणि तुम्ही विचारताय, ऐन मध्यावरचं महाग हॉटेल घ्यावं की लांबचं स्वस्त. मला विचाराल तर दोन्ही नको. मध्यापासून तीन-चार स्टेशनं अलीकडे राहा. अट एकच, विमानतळावरून गाडी न बदलता तिथे पोचता आलं पाहिजे.

लंडनला हीथ्रोवरून पिकॅडिली लाइन थेट शहरात शिरते. वाटेत अर्ल्स कोर्टला रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे. दोनच स्टेशनं पुढे साउथ केन्सिंग्टन, म्युझियमांना खेटून, नकाशावर जास्त सोयीचं. पण पिकॅडिलीच्या फलाटावरून वर येताना पायऱ्या चुकत नाहीत. तुमच्या बाबतीत हा फरक भाड्याच्या फरकापेक्षा मोठा आहे. दिवसभर फिरून आलेल्या माणसाला संध्याकाळी ज्या पायऱ्या दिसतात, त्या सकाळी दिसलेल्या नसतात. पॅरिसच्या मेट्रोत तर जुन्या लाइनींवर लिफ्ट शोधून सापडत नाही. 1998 साली सुरू झालेली 14 नंबरची लाइन त्याला अपवाद, आणि 2024 पासून ती ओर्ली विमानतळापर्यंत जाते. त्यामुळे ओर्लीला उतरणार असाल तर हॉटेल याच लाइनवर शोधा, ते कितव्या विभागात आहे हे नंतर बघू.

‘मध्यवर्ती’ या शब्दावर फार विसंबू नका, तो हॉटेलवाल्यांचा लाडका शब्द आहे. टोकियोला एकच असा मध्य नाहीच. तिथे यामानोते ही वर्तुळाकार लाइन आहे, 30 स्टेशनांची, साधारण तासाभरात एक फेरी. तिच्यावर कुठेही राहिलात तरी चालतं. फक्त शिंजुकू टाळा. जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन, बाहेर पडायचे दोनशेच्या वर मार्ग. बॅगा आणि आईबाबा घेऊन चुकीच्या दाराने बाहेर आलात की संपलं. त्यापेक्षा उएनो बरं, नारिता विमानतळावरून स्कायलायनर गाडी सरळ तिथे येते.

हॉटेल निवडताना नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर बघू नका. मध्ये नदी किंवा रेल्वेचे रूळ असले की पाचशे मीटरचा दीड किलोमीटर होतो. स्टेशनच्या दारापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर एकदा ‘चालून’ बघा: चढ आहे का, पदपथ आहे का. मग रिव्ह्यूंपैकी तीन ताऱ्यांचे, गेल्या सहा महिन्यांतले वाचा. पाच तारेवाले खूश असतात, एक तारेवाले चिडलेले. कामाची माहिती मधलेच देतात. लिफ्ट आणि आवाज या दोन गोष्टी त्यांत नक्की शोधा.

शेवटची गाडी किती वाजता सुटते तेही बघून ठेवा. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा आणि सकाळी शहरात जा.