मे अखेरीला फ्रूट सॅलडला पाणी का सुटतं? केळीच्या गावाकडून उत्तर

तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन पुण्याहून धुळ्याला आलात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांसाठी सकाळी दहालाच फ्रूट सॅलड करून ठेवलं आणि पानं वाढेपर्यंत त्याला पाणी सुटून केळी काळी पडली. ताई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. आपल्याकडे या दिवसांत पारा 43-44 च्या घरात असतो. त्या हवेत कापलेलं फळ तीन तास धरत नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली, घरची केळीची बाग आहे. माझ्या हातूनही अगदी हेच झालं होतं. नणंदेच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून मी सकाळीच टरबूज, केळी, चिकू, आंबा असं सगळं चिरून, वर अर्धी वाटी साखर घालून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. नेमकी लाइट गेली. एक वाजता झाकण काढलं तर तळाला चार बोटं गुलाबी पाणी आणि चिकूच्या फोडी त्यात गळून गेलेल्या. केळीच्या घरात पाहुण्यांपुढे काळी केळी ठेवायची, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी टोपलीतले दोन गावठी आंबे माचून पिळले, नवी केळी चिरली आणि लगेच तो रस वरून ओतला. पाच मिनिटांत पानं वाढली. तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत.

पाणी सुटायचं मुख्य कारण साखर. चिरलेल्या फळावर साखर किंवा मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं. टरबुजात तर 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून साखर अजिबात नको, फळं गोड असतात. काळं मीठ, जिरेपूड ज्याला हवी त्यानं वाटीत घ्यावी. टरबूज मी सॅलडमध्ये घालतच नाही, वेगळ्या ताटात देते. त्याऐवजी खरबूज घ्या, आमच्याकडची जुनी माणसं त्याला डांगर म्हणतात. देठाच्या बाजूला नाक लावून बघा, गोड वास आला तरच घ्यायचं. साल घासून धुवा, फोडी बोटाच्या दोन पेरांएवढ्या मोठ्या ठेवा आणि दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या. सुरीला धार हवी. बोथट सुरीनं फळ कापण्याऐवजी चेंगरतं आणि तिथूनच रस गळायला लागतो.

आता केळी. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण आपण सालीचा रंग बघून घेतो. कच्चा घड कापून तो रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, इथिलिन हा फळ पिकवणारा वायू देऊन, थंडाव्यात पिकवला की साल छान पिवळी होते. पण तीच केळी 30 अंशांच्या वर, उघड्यावर पिकली तर साल हिरवट राहते आणि आतला गर मात्र मऊ पडतो. म्हणून मे महिन्यात हिरवट दिसणारं केळं कच्चं आहे असं समजू नका. हलकं दाबून बघा. सॅलडला घट्ट केळी हवीत. काळे ठिपके आलेली शिकरणाला ठेवा, ती चवीला सगळ्यात गोड असतात. न चिरलेली केळी फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते.

चिरलेलं केळं काळं पडतं ते हवेमुळे. गरातल्या विकराची (एन्झाइमची) हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की रंग बदलतो. आंबट रसानं हे काम मंदावतं, आणि आंब्याच्या रसाचा थर बसला की हवा पोचतच नाही. सासूबाईंची रीत त्यामुळेच चालते. चार केळ्यांना अर्धं लिंबू पुरे, जास्त झालं तर आंब्याची चव मरते.

सहा माणसांसाठी माझं माप असं: अर्धं खरबूज, दोन केशर आंब्यांच्या फोडी, दोन चिकू, चार केळी आणि तीन गावठी आंब्यांचा रस. रस मिक्सरमध्ये फिरवू नका, हातानं पिळा. थोडे रेषे राहिले तरी चालतात, तो दाट रस फोडींना धरून राहतो. खरबूज आणि आंबा तासभर आधी चिरून थंड करा, चिकू अर्धा तास आधी. केळी मात्र पाहुणे हात धुवायला उठले की चिरायची, लिंबू लावायचं आणि लगेच रसात घोळवायची.

पहिला वळवाचा पाऊस होऊन गेला असेल तर गावठी आंबा पिळण्याआधी उभा चिरून कोयीजवळ नक्की बघा. वरून धडधाकट दिसणाऱ्या आंब्यातही अळी निघते.

सफरचंद मी घेत नाही. मे महिन्यात मिळतं ते महिनोन्‌महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेलं किंवा बाहेरदेशातून आलेलं, आणि आपल्या बाजारात आंबा असताना त्याची गरज काय? कस्टर्ड किंवा दुधातलं करायचं असेल तर पपई आणि कच्चं अननस घालू नका, दूध कडवट होतं.

वाढल्यावर उन्हाच्या दिवसात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. उरलंच तर त्याच दिवशी संध्याकाळी सगळं माचून मुलांसाठी कुल्फीच्या साच्यात ओता. आमच्याकडे त्यासाठीच मुद्दाम दोन वाट्या जास्त करतात.