कार्डावर 'ओ', तरी रक्त जुळेना

आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलंय. शिबिरातल्या कार्डावर तिचा गट ओ पॉझिटिव्ह आहे, पण सांगलीत ओ पॉझिटिव्हच्या सहा पिशव्या लावून पाहिल्या, एकही जुळली नाही. आता 'बॉम्बे गट' म्हणतात. आम्ही दोघे भाऊ आणि मामा रक्त द्यायला तयार आहोत. चालेल का? (विटा)

मामांचं चालू शकेल. तुमचं बहुधा नाही.

तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाची साखरेची साखळी तयार होते. ती खुंटी समजा. ए आणि बी त्या खुंटीवर टांगले जातात. ओ गटात खुंटी रिकामीच असते. बॉम्बे गटात खुंटीच नसते. ती बसवणारं एन्झाइम १९व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी१ या जनुकातून बनतं, आणि आईकडे त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. त्यामुळे ए, बीची तपासणी केली की तिचं रक्त ओ दिसतं. पण तिच्या रक्तद्रवात अँटी-एच (एचला चिकटणारी अँटिबॉडी) असतं, आणि एच सगळ्यात जास्त कुठे, तर ओ गटाच्याच पेशींवर. म्हणून सहाही पिशव्या नापास झाल्या. 'नाइलाज आहे, ओ चढवून बघू' असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. अँटी-एच शरीराच्या तापमानालाही काम करतं. थंडी-ताप, कंबरदुखी, लालभडक लघवी आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

आता नात्याचं गणित. आईला एकेक बिघडलेली प्रत तिच्या आईकडून आणि वडिलांकडून आली, म्हणून तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा गट असण्याची शक्यता चारात एक. तुम्हाला वडिलांकडून चांगली प्रत मिळाली असणार, तेव्हा तुम्ही नेहमीच्याच गटाचे. मात्र आई-वडिलांचं लग्न नात्यात झालं असेल (आपल्याकडे मामाची मुलगी करतातच), तर वडीलही वाहक असू शकतात. मग तुम्हीही तपासून घ्या.

हा गट डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. ऑपरेशन ठरवून होणार असल्याने सर्वात सोपा दाता आई स्वतःच आहे. हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर तिचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी. साध्या सीपीडीए (रक्त टिकवणारा द्रव) पिशवीत ते ३५ दिवस टिकतं, त्या हिशेबाने तारीख घ्या. गर्भाशयातून रक्तस्राव होत असल्यास हिमोग्लोबिन आधीच उतरलेलं असतं. तेव्हा लोहाचे उपचार आजच सुरू करायला सांगा. दुर्मीळ दात्यांच्या यादीसाठी रक्तपेढीमार्फत मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे (एनआयआयएच) विचारणा करता येते.

बाहेरगावाहून पिशवी आणायची झाली तर ती रक्तपेढीच्याच खोक्यातून आणा. बर्फ पिशवीला थेट टेकला की तिथल्या पेशी गोठून फुटतात. मध्ये पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची जाड घडी हवी. एसटीच्या डिकीत टाकून दिलेली पिशवी घेऊ नका.

लहान लॅबमध्ये हा गट ओळखायचा कसा? (फलटण)

फक्त स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बी टाकून कधीच नाही. शिबिरातली बहुतेक कार्डं अशीच बनतात, आणि खरी चूक तिथेच होते.

उलटी तपासणी करा, म्हणजे रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) आणि माहीत असलेल्या गटाच्या पेशी. ए आणि बी पेशींसोबत ओ पेशींची तिसरी नळी लावायला विसरू नका. खऱ्या ओ माणसाच्या सीरममध्ये ती नळी स्वच्छ राहते. बॉम्बेत तिच्यात गोळे धरतात, ३७ अंशालासुद्धा. शेजारी चौथी नळी रुग्णाच्याच पेशी आणि त्याच्याच सीरमची. तिच्यातही गोळे दिसले तर मामला थंडीत चिकटणाऱ्या स्वतःच्याच अँटिबॉडीचा असू शकतो. ती स्वच्छ असेल तर अँटी-एच लेक्टिन (एचला चिकटणारा वनस्पतीचा अर्क) घ्या: साध्या ओ पेशी त्यात घट्ट गोळा होतात, बॉम्बेच्या सुट्याच राहतात. लेक्टिन नसल्यास नमुना मोठ्या रक्तपेढीला पाठवा आणि अहवालात नुसतं 'ओ' लिहू नका. ओ पेशी नेमक्या कशाने चिकटल्या हे कळेपर्यंत गट पक्का झालेला नसतो. दुसऱ्या एखाद्या अँटिबॉडीनेही असंच दिसतं.

मी ओ, नवराही ओ, बाळ बी. घरात कुजबुज सुरू झाली आहे. (कोरेगाव)

आधी तिघांचीही नव्याने तपासणी करा, दोन्ही पद्धतींनी. कार्डावरची चूक बॉम्बे गटापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडते. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात स्वतःच्या अँटिबॉडी नीट तयार नसतात, म्हणून त्याची उलटी तपासणी धरू नका, पेशींचीच करा.

तरीही निकाल तोच आला तर तुम्हा दोघांच्याही ओ पेशींच्या नळ्या पाहा. बी जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, एचचं एकोणिसाव्या. समजा तुम्ही बॉम्बे गटाच्या आहात: बी जनुक तुमच्याकडे आहे, पण टांगायला खुंटी नाही. बाळाला बी तुमच्याकडून आणि खुंटी वडिलांकडून मिळाली, की ते बी. नवऱ्याचा गट बॉम्बे असेल तरी हेच उलट बाजूने घडतं. कुजबुज करणाऱ्यांना लॅबचा अहवाल दाखवा. तुम्ही बॉम्बे गटाच्या निघालात तर बाळंतपणाच्या कागदपत्रांवर 'बॉम्बे' ठळक लिहून घ्या, कारण पुढच्या खेपेला रक्त लागलं तर साधं ओ चालणार नाही.