आधी सकाळची नाडी मोज
कंबर तलावावर चालायला लागलास, फार बरं वाटलं. पण घड्याळातल्या कॅलरीच्या मागे लागू नकोस. तो नुसता अंदाज असतो, त्या भरवशावर एक भाकरी जास्त नको. त्यापेक्षा उठल्याउठल्या, चहाच्या आधी, अंथरुणातच अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेव आणि पूर्ण मिनिट ठोके मोज. ६० ते १०० ठीक. नेमानं चाललास की आकडा हळूहळू उतरतो. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, झोप मोडली, तर चढतोही. त्या दिवशी विश्रांती घे. सतत १०० च्या वर, किंवा ६० च्या खाली आणि चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखव. छातीत दुखलं, बसल्याबसल्या दम लागला, तर ‘गॅस असेल’ म्हणत थांबू नकोस रे, लगेच १०८ ला फोन कर.