रजिस्टरला हात लावू नकोस

सोलापूर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर सांगितलंस ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. असल्या गोष्टी फोनवर नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहितोय. मला जे समजलं ते आधी मांडतो, कुठे चुकत असेल तर कळव.

घोड्याच्या मागच्या पायाला खुराच्या वर जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टरांनी पेनिसिलीन सांगितलं, पाच दिवस इंजेक्शनं झाली. जखम भरली, घोडा पुन्हा कामाला लागला, रेसमध्ये उतरला आणि जिंकला. जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासणीला जाते, तशी ती गेली आणि तिच्यात प्रोकेन सापडलं. आता तुझ्या साहेबांना, म्हणजे घोड्याच्या ट्रेनरना, नोटीस आली आहे, स्टुअर्डांसमोर (रेसच्या नियमांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर) चौकशी होणार आहे. औषधाच्या रजिस्टरात त्या पाच दिवसांची एकही नोंद नाही आणि रजिस्टर लिहायचं काम तुझ्याकडे होतं. म्हणून कुणीतरी तुला सुचवलंय की मोकळ्या ओळींमध्ये मागच्या तारखा टाकून नोंदी लिहून टाक, म्हणजे औषध रेसच्या बऱ्याच आधी बंद झालं होतं असं दिसेल. ते जमत नसेल तर सांग की सइसाने (घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाने) परस्पर काहीतरी टोचलं.

यातलं काहीही करू नकोस. पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं मात्र पाळ.

प्रोकेनचं काय ते तुला ठाऊक आहे, पण घरी समजावून सांगावं लागेल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पेनिसिलीन जंतू मारतं, त्यावर रेसच्या नियमांचा आक्षेप नसतो. पण ते स्नायूत हळूहळू मुरावं म्हणून त्याला प्रोकेन जोडलेलं असतं, आणि प्रोकेन हे जागा बधिर करणारं औषध आहे. लंगड्या पायाच्या नसेपाशी ते टोचलं तर दुखणं तेवढ्यापुरतं गायब होतं. घोड्याला त्याने उत्तेजनाही येते. लॅबच्या यंत्राला फक्त प्रोकेन दिसतं. ते जखमेसाठी दिलं की लंगडणं लपवायला, हे यंत्र सांगू शकत नाही. आणि ते लघवीतून जायला वेळ लावतं. कधी कित्येक दिवस, कधी आठवडे. किती डोस झाले, कुठल्या स्नायूत दिले, यावर ते अवलंबून असतं. जखम भरली म्हणजे औषध उतरलं, असा हिशेब तुमच्या पागेत कुणीतरी केला असावा.

तू विचारलंस, फसवायचा इरादा कुणाचाच नव्हता, मग साहेबांना शिक्षा कसली? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. रेसिंगचा नियम जवळपास सगळीकडे सारखा आहे: घोड्याच्या अंगात बंदी असलेलं औषध सापडलं की जबाबदार ट्रेनर. कुणी दिलं, का दिलं, हे शिक्षा ठरवताना बघतात. जबाबदारी मात्र आधीच ठरलेली असते. ऐकायला हे कठोर वाटतं. पण तू आपल्या भागातल्या बाजारात घोडे बघत मोठा झालास. उभी केलेली घोडी देखणी, चाल सरळ, गिऱ्हाईक खूश. आणि तिसऱ्या दिवशी तीच घोडी माझ्या दवाखान्याच्या फाटकातून मान हलवत आत येणार. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला पाय टेकला की खाली. नळीच्या मागच्या कंडरेवरून पालथा हात वरून खाली फिरवला की एका जागी ऊब लागते, तिथे जरा दाबलं की ती पाय उचलून घेते. विकताना दुखणं लपवायला टोचलेल्या सुईचा अंमल उतरलेला असतो. असे किती जनावरांचे मालक माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसलेत.

बाजारात माणसाचे पैसे बुडतात. रेसमध्ये तोच घोडा ताशी साठेक किलोमीटरने पळत असतो. दुखलं की जनावर पाय जपतं, त्या पायावरचं वजन कमी करतं. दुखणंच बंद केलं तर ते जपत नाही आणि आधीच तडा गेलेलं हाड भर वेगात मोडतं. वर जॉकी असतो, मागून बाकीचे घोडे अंगावर येत असतात. हे होऊ नये म्हणून कुणा एकाच्या डोक्यावर पूर्ण भार टाकावाच लागतो. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर एकदा चालवून घेतलं तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पागेत ट्रेनरला काहीच माहीत नसेल. तुझ्या साहेबांचा हेतू स्वच्छ होता यावर माझा विश्वास आहे, तरीही हा नियम मला मनापासून पटतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. अशा प्रकरणात माणूस तरतो की बुडतो हे बऱ्याचदा औषधावर ठरत नाही, नंतर तो काय बोलला त्यावर ठरतं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची एस्टिमेट ही घोडी अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली आणि तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघालं. तपास झाला, खाद्यातून खसखशीच्या झाडाचा अंश आला होता असं दिसून आलं. घोडीचा नंबर गेला, बक्षिसाची रक्कम गेली, खुद्द राणीची म्हणून काही सूट मिळाली नाही. पण ट्रेनर सर मायकल स्टाउट यांना शिक्षा झाली नाही, कारण खाद्य कुठून आलं, काय काळजी घेतली, हे सगळं समोर ठेवता आलं. दुसरं प्रकरण २०२१ च्या केंटकी डर्बीचं. मेडिना स्पिरिट जिंकला, नमुन्यात बीटामेथाझोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड निघालं, मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं कमी! ट्रेनर बॉब बॅफर्ट यांनी आधी जाहीर सांगितलं की हे औषध या घोड्याला कधी दिलंच नाही. दोनच दिवसांनी सांगितलं की कातडीच्या रोगावर लावलेल्या मलमात ते होतं. मलमाची गोष्ट खरी असेलही, पण आधीचं विधान मागे घेता येत नव्हतं. जिंकलेली डर्बी गेली, नव्वद दिवसांची बंदी आली, आणि डर्बी भरवणाऱ्या चर्चिल डाउन्स कंपनीने स्वतःच्या मैदानांवर घातलेली दोन वर्षांची बंदी पुढे आणखी वाढवली. ती उठली २०२४ मध्ये, त्यांनी जबाबदारी जाहीरपणे मान्य केल्यावर. (२०१३ चं न्यूमार्केटचं प्रकरण वेगळं. तिथे इंग्लंडमध्ये ट्रेनर महमूद अल झरूनी यांच्या अकरा घोड्यांत अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड निघाली आणि आठ वर्षांची बंदी आली. ते मुद्दाम दिलेलं होतं, तुमच्याशी त्याचा संबंध नाही.)

तुमचं प्रकरण आज पहिल्या दोन जातींचं आहे. त्या मोकळ्या ओळी भरल्यास तर ते तिसऱ्या जातीत जाईल.

आणि ती नोंद टिकणारही नाही. रजिस्टर एकटं नसतं. औषधाच्या बिलावर तारीख असते, बाटलीवर बॅच नंबर असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख असते. जखमेचा फोटो तू डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असशील, त्यावर तर वेळसुद्धा आहे. चौकशी करणारे हे कागद शेजारी शेजारी ठेवून बघतात, त्यांचं कामच ते आहे. बिलाच्या आधीच्या तारखेला इंजेक्शन झालेलं दिसलं की पुढचा एकही प्रश्न औषधाबद्दल येणार नाही. नोंद राहिली हा निष्काळजीपणा आहे, त्याची शिक्षा सोसून माणूस पुन्हा उभा राहतो. नोंद बनवली तर यापुढे तू लिहिलेला कुठलाच कागद कुणी खरा मानणार नाही, आणि तुला तर आयुष्य याच कामात काढायचं आहे.

तेव्हा आजच त्या पानांचे आणि पुढच्या-मागच्या पानांचे फोटो काढून ठेव, आणि रजिस्टर चौकशीसाठी आहे तसं ताब्यात द्यावं असं साहेबांना सुचव. बी नमुन्याची (त्याच लघवीच्या सील करून ठेवलेल्या दुसऱ्या भागाची) तपासणी मागायची मुदत असते, ती चुकवू नका. पण तिच्यावर फार आशा लावून बसू नका. औषध खरोखर दिलेलं आहे, बी मध्येही ते निघण्याचीच शक्यता जास्त. तिथे कुणी हजर राहणार असेल तर सील आणि नंबर स्वतः ताडून बघावेत.

निवेदन तुझ्या भाषेत लिही. काय पाहिलंस ते एका बाजूला, काय ऐकलंस ते वेगळं. कोणत्या दिवशी, सकाळी की संध्याकाळी, घोडा कुणी धरला, सुई मानेत दिली की मागच्या मांडीत, किती सीसी. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिही. अंदाजाने आकडा घालू नकोस. शेवटी सरळ लिही की नोंद करण्याचं काम माझं होतं आणि ते माझ्याकडून राहिलं.

आता सइसाबद्दल. हे वाचताना रागावलास तरी चालेल. तू फोनवर ती गोष्ट पटकन सांगून पुढे गेलास, मला मात्र तीच जास्त लागली. तो माणूस पहाटे तुमच्या आधी उठतो, चंदी देतो, खरारा करतो, घोड्याला पोटशूळ झाला तर रात्रभर त्याच्याबरोबर फिरतो. पागेमागच्या खोलीत तो राहतो. रेसकोर्सवर काम करायचा पास गेला की नोकरी जाते आणि त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही. वकील करायची त्याची ऐपत नाही. इंग्रजीत टाइप केलेल्या जबाबावर त्याची सही किंवा अंगठा घेतील आणि त्याला वाटेल की हजेरीचा कागद आहे. तुझ्यासमोर असं काही होत असेल तर थांबव. जबाब त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा, मग सही. पाचही वेळा घोडा त्यानेच धरला आणि सुई डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच दिली, हे तू पाहिलंयस. तुझ्या निवेदनात ते यायलाच हवं. त्याच्या बाजूने बोलू शकणारा तिथे तू एकटाच आहेस.

साहेबांना हे सगळं स्टुअर्डांच्या खोलीत पहिल्यांदा ऐकायला लागू नये. आधी त्यांच्याकडे जा, एकटा जा, आणि सांग: "साहेब, इंजेक्शनं माझ्यासमोर झाली, नोंद माझ्याकडून राहिली. मला विचारलं तर मी हेच सांगणार आहे." ते चिडतील. कदाचित तुला काढतीलही. तुझं पोट त्यावर आहे, घरी पैसे पाठवतोस, हे मला माहीत आहे, तरीही हेच सांगतो. पण मी त्यांच्याबद्दल जे ऐकलंय त्यावरून मला वाटतं की रात्र गेली की त्यांना ते पटेल. रजिस्टर भरायची कल्पना त्यांची आहे असं तूही म्हणाला नाहीस.

पागेत काय बदलायचं ते सविस्तर नंतर बोलू, दोन-तीन गोष्टी आत्ताच सांगतो. औषधाचं कपाट कुलपात, किल्ली एकाकडे. औषध चालू असलेल्या घोड्याच्या बॉक्सवर पाटी, त्याची बादली वेगळी, त्याला चंदी सगळ्यांत शेवटी. बिछायत रोज बदला. फ्लुनिक्सिनसारखी दुखणं कमी करणारी औषधं लघवीतून गवतावर पडतात आणि घोडा तेच गवत खातो, मग औषध थांबवूनही नमुन्यात दिसत राहतात. सइसांनी बॉक्समध्ये लघवी करू नये असं सगळे सांगतात, कारण त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांचा अंश तसाच घोड्यात जाऊ शकतो. पण पहाटे जवळ संडासच नसेल तर तो जाणार कुठे? ती सोय साहेबांकडे माग.

लसूणघासाच्या पेंढ्या सोडून बघत जा, धोतरा आलाय का ते. २०१८ मध्ये अमेरिकेत जस्टिफाय या घोड्याच्या नमुन्यात स्कोपोलामीन निघालं होतं. ते चाऱ्यातल्या धोतऱ्याच्या जातीच्या तणातून आलं असं तिथल्या रेसिंग मंडळाने मानलं, तरी वाद पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालला. आणि तुझे वडील वरातीच्या घोडीला मसाला देतात त्यात कुचला असतो. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं. प्रेमाने डबा भरून दिला तरी तो पुण्याला नेऊ नकोस.

वडिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझ्याच तोंडून कळायला हवं आणि बाहेरून काही कानावर जायच्या आत. येत्या रविवारी त्यांना फोन कर. निवेदन लिहून झालं की मला पाठव, शुद्धलेखन बघून देईन, मजकूर तुझाच राहू दे. चौकशीची तारीख कळली की लगेच सांग, म्हणजे आदल्या दिवशीचं हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढतो. आत मला सोडणार नाहीत, पण बाहेर असेन.

तुझा,
डॉक्टरकाका